तोंडीलावणे आणि औषध: नाशिकच्या ग्रीक वर्गाविषयी

गंगापूर रोडवरील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात ग्रीक तत्त्वज्ञानाचा एक वर्ग भरतो. त्याला नाव नाही, दारावर फलक नाही आणि त्याची जाहिरातही कुठे येत नाही. येणारी मंडळी त्याला नुसता ‘ग्रीक वर्ग’ म्हणतात. तत्त्वज्ञान विषयाच्या एक निवृत्त प्राध्यापिका तो चालवतात. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही येथे तसेच लिहितो. बारा शनिवारांचे शुल्क १,८०० रुपये असून वाचायच्या उताऱ्यांच्या झेरॉक्स प्रती त्यातच मिळतात. आमच्या तुकडीत बावीस जण होते आणि शेवटच्या दिवशी सतरा उरले होते. सद्गुण, राज्यकारभार आणि मन वळवण्याची कला हे या तुकडीचे तीन विषय होते. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या की ग्रीकांच्या लेखी हे तीन विषय वेगळे नव्हतेच, आणि पुढचे बारा आठवडे त्यांनी ते एकमेकांपासून सुटू दिले नाहीत.

मी या वर्गाला का गेलो हे सांगितल्याशिवाय माझ्या अभिप्रायाला अर्थ राहणार नाही. एकतीस वर्षे मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि त्यातली बहुतेक वर्षे वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांसाठी मुले तयार करण्यात गेली. वादविवाद स्पर्धेत बाजू मुलाने निवडायची नसते. चिठ्ठी उघडली की ‘विषयाच्या बाजूने’ की ‘विषयाच्या विरोधात’ हे ठरते, आणि मग जे हाती येईल ते पटवून द्यायचे. एकाच विषयावर सकाळी एका मुलीला अनुकूल आणि दुपारी दुसऱ्या मुलाला प्रतिकूल भाषण बसवून दिल्याचे दिवस मला आठवतात. शाळेला फिरते करंडक मिळाले आणि मुलांना सभेत उभे राहण्याचे बळ मिळाले. निवृत्तीनंतर एक माजी विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला आणि मनापासून आभार मानत म्हणाला, “सर, तुमच्यामुळे मला कुठलीही गोष्ट खरी वाटेल अशी सांगता येते.” त्या वाक्याने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. त्याने काही वाईट केले होते असे नाही. मी त्याला नेमके काय शिकवले, हा प्रश्न मला पडला होता.

त्याच सुमारास एका संस्थेच्या दोन दिवसांच्या ‘प्रभावी संभाषण’ कार्यशाळेलाही मी गेलो होतो. शुल्क ७,५०० रुपये, जागा हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात, जेवण उत्तम. हात कसे ठेवावेत, कुठे थांबावे, श्रोत्यांपैकी कोणाच्या डोळ्यांत पाहावे हे सगळे तेथे व्यवस्थित शिकवले. काय बोलावे आणि ते खरे असावे की नाही, याविषयी दोन दिवसांत एक शब्द निघाला नाही. मी तो प्रश्न विचारला तेव्हा तो ‘आपल्या विषयाबाहेरचा’ आहे असे उत्तर मिळाले. ग्रीक वर्गात आलो तेव्हा कळले की इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये नेमका हाच प्रश्न भर चौकात विचारला जात होता, आणि तो विचारत राहणाऱ्या माणसाला, सॉक्रेटिसला, पुढे त्या नगरीने विष प्यायला लावले.

वर्गाची पद्धत अशी आहे की बाई व्याख्यान देत नाहीत. नाशिकला व्याख्यान ऐकण्याची सवय जुनी आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला बसून ऐकणाऱ्यांपैकी मीही एक आहे, आणि ऐकण्याचे सुख मी कमी लेखत नाही. मात्र येथे ऐकून भागत नाही. उतारा एकाने मोठ्याने वाचायचा, बाई मध्येच थांबवतात आणि ज्याच्यावर नजर जाईल त्याला विचारतात, “हे मान्य आहे का?” मान्य म्हटले तर पुढच्या पानावर त्याचा परिणाम भोगावा लागतो, आणि आधी दिलेली कबुली मागे घ्यायची असेल तर ती कोणती, हे नाव घेऊन सांगावे लागते. सॉक्रेटिस नेमके हेच करत असे. लांबलचक भाषणे नकोत, माझ्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर द्या, असा त्याचा आग्रह असे. पुस्तकात वाचताना तो आग्रह किरकोळ वाटतो. बावीस माणसांसमोर स्वतःचीच दोन विधाने एकमेकांवर आदळतात तेव्हा त्याचे वजन कळते.

पहिल्या शनिवारी बाईंनी अथेन्सची व्यवस्था समजावून दिली, आणि ती पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी आवश्यकच होती. तेथे लोकप्रतिनिधी निवडून पाठवण्याची पद्धत नव्हती. प्निक्स नावाच्या टेकडीवर नागरिक स्वतः जमत आणि युद्धापासून करापर्यंतचे निर्णय हात वर करून घेत. काही विशेष ठरावांसाठी सहा हजारांची उपस्थिती लागत असे. न्यायालयात शेकडो सामान्य नागरिक न्यायाधीश म्हणून बसत, वादी-प्रतिवादीला आपली बाजू स्वतः मांडावी लागे, आणि वेळ पाण्याच्या घटिकेने मोजली जाई. अशा गावात ज्याला बोलता येत नाही त्याची मालमत्ता, अब्रू आणि जीव तिन्ही धोक्यात असतात, हे एकदा लक्षात आले की बोलण्याची कला पैसे घेऊन शिकवणारे सोफिस्ट तेथे का आले आणि का लोकप्रिय झाले हे आपोआप उमगते. ज्यांच्या हातात गावाचा कारभार असतो आणि त्या कारभाराचा रस्ता बोलण्यावरून जातो, त्यांना ही गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आमच्यात निफाड तालुक्यातले एक माजी सरपंच होते. ते त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, फक्त मान डोलावत राहिले.

त्यांचे बोलणे दुसऱ्या शनिवारी ऐकायला मिळाले, आणि तो शनिवार मला या तुकडीतला सर्वोत्तम वाटतो. त्या दिवशी सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याचे लेखन नव्हते, थ्युसिडिडीस या इतिहासकाराचा उतारा होता. इ.स.पू. ४२८ मध्ये लेस्बोस बेटावरचे मिटिलीनी शहर अथेन्सच्या विरोधात उठले आणि पुढच्या वर्षी शरण आले. संतापलेल्या सभेने ठराव केला की तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकावे, आणि हुकूम घेऊन एक जहाज रवानाही झाले. रात्र उलटली आणि लोकांना आपल्याच ठरावाची भीती वाटू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लिऑनने ठराव कायम ठेवण्यासाठी भाषण केले आणि डिओडोटसने तो मागे घेण्यासाठी. हात जवळजवळ समसमान वर झाले, पण डिओडोटसच्या बाजूने थोडे जास्त. मग दुसरे जहाज निघाले. पहिले एक दिवस आणि एक रात्र पुढे होते. वल्हेकऱ्यांनी दारू आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ वल्ही मारता मारताच खाल्ले आणि पाळीपाळीने झोप घेतली. पहिले जहाज मात्र, कामच असे क्रूर असल्यामुळे, रमतगमत चालले होते. सेनापती पाखेस हुकूम वाचून त्याची अंमलबजावणी करणार, एवढ्यात दुसरे जहाज पोहोचले.

हे वाचताना वर्गात पंख्याचा आवाजही मोठा वाटत होता. मग बाईंनी विचारले, “डिओडोटस सज्जन होता का?” आम्ही सगळे हो म्हणालो. त्यांनी त्याचे भाषण पुन्हा वाचायला लावले. आपण न्यायाविषयी बोलतच नसून अथेन्सच्या हिताविषयी बोलत आहोत, असे तो स्पष्ट म्हणतो. त्याहून बोचरे म्हणजे, या नगरीत चांगला सल्ला देणाऱ्यालाही विश्वास बसावा म्हणून खोटे बोलावे लागते, हेही तोच सांगतो. म्हणजे हजारो माणसे वाचली ती ‘हे अन्यायाचे आहे’ या वाक्याने नव्हे, ‘हे आपल्या फायद्याचे नाही’ या वाक्याने. तेव्हा सरपंच म्हणाले, “बाई, ग्रामसभेत न्याय म्हटलं की लोक खाली बघतात. पाणी कुणाच्या शिवारात येणार ते सांगितलं की हात वर होतात. मी पाच वर्षं तेच केलं आणि कामंही झाली.” बाईंनी त्यांना खोडून काढले नाही. त्यांनी फक्त विचारले की ज्या दिवशी न्याय आणि फायदा वेगळ्या दिशांना गेले, त्या दिवशी तुमच्या हाती कोणते शब्द उरले होते. सरपंचांनी बराच वेळ विचार केला आणि तसा एक दिवस आल्याचे सांगितले. तो काय होता, हे मी येथे लिहिणे योग्य नाही.

पुढचे चार शनिवार प्लेटोच्या ‘गॉर्गियास’ या संवादावर गेले. त्याआधी एक शनिवार खुद्द गॉर्गियासच्या हेलेनवरील भाषणासाठी होता. सिसिलीतल्या लिओंटिनीचा हा वक्ता इ.स.पू. ४२७ मध्ये, म्हणजे मिटिलीनीची सभा झाली त्याच वर्षी, आपल्या शहराचा दूत म्हणून अथेन्सला आला आणि त्याच्या बोलण्याने लोक थक्क झाले. शब्द हा मोठा अधिपती आहे. देह अगदी बारीक, दिसतही नाही, पण दैवी कामे करून जातो, असे तो म्हणतो. औषधे जशी शरीरावर, तसे शब्द मनावर काम करतात, काही आजार संपवतात आणि काही जीव, हीही त्याचीच उपमा. बाईंनी हे आधी वाचून घेतले ते फार बरे केले, कारण नाहीतर प्लेटोने रंगवलेला गॉर्गियासच आम्ही खरा धरून बसलो असतो.

आता त्या गोष्टीविषयी, जिच्यासाठी मी हा वर्ग इतरांना सुचवतो. प्लेटोचा सॉक्रेटिस म्हणतो की वक्तृत्व ही कला नसून एक हातोटी आहे, आणि खुशामतीचा प्रकार आहे. शरीरासाठी वैद्यक जसे, तसा आत्म्यासाठी न्याय. आणि वैद्यकाचे सोंग घेणारी ‘पाककला’ जशी, तसे न्यायाचे सोंग घेणारे वक्तृत्व. ही तुलना मी पूर्वी इंग्रजी अनुवादात वाचली होती आणि ती मला नेहमी अन्यायाची वाटली होती, कारण स्वयंपाक काही फसवणूक नव्हे, त्यावर घर चालते. बाईंनी मूळ शब्द फळ्यावर लिहिला: ऑप्सोपोइया. ‘ऑप्सॉन’ म्हणजे भाकरीबरोबर जे खायचे ते. मग त्या म्हणाल्या की यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, तोंडीलावणे. भाकरी पोट भरते, तोंडीलावणे जिभेला खूश करते. प्लेटोचा राग स्वयंपाकावर नाही. जेवण सोडून तोंडीलावण्यावरच पोट भरू पाहणाऱ्या नगरीवर आहे. एका शब्दाने अख्खा परिच्छेद उलगडला. असे वर्गात निदान पाच-सहा वेळा घडले, आणि मराठीतून शिकवले म्हणूनच ते घडू शकले, अशी माझी खात्री आहे.

त्याच संवादात पुढे सॉक्रेटिस म्हणतो की माझ्यावर खटला झाला तर तो मुलांच्या पंचांसमोर मिठाईवाल्याने वैद्यावर केलेल्या खटल्यासारखा असेल. मिठाईवाला म्हणेल, या माणसाने तुम्हाला कापले, डाग दिले, कडू काढे पाजले, उपाशी ठेवले, आणि मी मात्र तुम्हाला किती गोड गोड खाऊ घातले! वैद्य ‘मुलांनो, हे तुमच्या तब्येतीसाठी होते’ म्हणेल तर केवढा ओरडा होईल. इ.स.पू. ३९९ मध्ये तो खटला खरोखरच झाला. मिलिटस, अनिटस आणि लायकॉन यांनी आरोप ठेवले, आणि फक्त तीस मते इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, असे प्लेटोने त्याच्या तोंडी घातले आहे.

आमच्यात एका औषध कंपनीत एमआर (डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारी प्रतिनिधी) म्हणून काम करणाऱ्या ताई होत्या. त्यांनी गॉर्गियासची बाजू उचलून धरली, आणि ती खरोखर बळकट आहे. गॉर्गियास सांगतो की माझा भाऊ वैद्य आहे. औषध घ्यायला किंवा शस्त्रक्रियेला तयार नसलेल्या रोग्याकडे मी त्याच्याबरोबर जातो आणि जे वैद्याला जमत नाही ते बोलण्याने करून दाखवतो. ताईंचे म्हणणे असे की रोग्याने औषध घेतलेच नाही तर वैद्यकाचा उपयोग काय. तेव्हा मन वळवणे हा उपचाराचाच भाग आहे. सॉक्रेटिस या मुद्द्याला सरळ भिडत नाही. तो पुढे विचारतो की माहिती नसलेल्यांसमोर वैद्यापेक्षा वक्ता जास्त पटतो, म्हणजे न जाणणारा न जाणणाऱ्यांपुढे जाणत्यावर मात करतो, असेच ना? प्रश्न चांगला आहे, पण भावाचे उदाहरण तसेच राहते, हे बाईंनी मोकळेपणाने मान्य केले. शिक्षकाला असा कबुलीजबाब देता यावा, हे मी मोठे मानतो.

‘अन्याय करण्यापेक्षा अन्याय सोसणे बरे’ या सॉक्रेटिसच्या वाक्यावर मात्र वर्ग दुभंगला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले की ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले त्यांना हे वाक्य ऐकवणे क्रूरपणाचे आहे, आणि ते ऐकवणारे बहुधा न सोसणारेच असतात. बाईंनी त्याच संवादातल्या पोलसचे, म्हणजे गॉर्गियासच्या तरुण अनुयायाचे, भाषण पुन्हा वाचायला लावले. पोलस मॅसिडोनियाचा राजा आर्खेलाउस याचा हेवा करतो, ज्याने काका, चुलतभाऊ आणि लहान सावत्र भाऊ यांना मारून गादी मिळवली. सॉक्रेटिसचे वाक्य त्या राजाचा हेवा करणाऱ्याला उद्देशून आहे. पिचलेल्या माणसाला ‘गप्प राहा’ असे ते सांगत नाही. त्यावर त्याच गृहस्थांनी गोदावरीच्या पलीकडे बोट दाखवले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे काही वर्षे चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ते गृहस्थ म्हणाले, “त्यांनी अन्याय केला नाही, पण सोसतही बसले नाहीत. तुमच्या सॉक्रेटिसच्या वाक्यात तिसरी वाट आहे का?” चाळीस मिनिटे चर्चा झाली आणि त्या दिवशीचे ठरलेले वाचन राहिले. मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.

वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याच्या ‘पॉलिटिक्स’ला अवघा एक शनिवार मिळाला. सहा राज्यपद्धतींचा तक्ता फळ्यावर झाला. एकाच्या खर्चाने दिलेल्या जेवणापेक्षा अनेकांनी मिळून आणलेल्या पदार्थांची पंगत सरस ठरू शकते, तसे अनेकांचे शहाणपण एकत्र आल्यावर ठरू शकते, हा त्याचा विचार आला आणि गेला. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, हा त्याचा लज्जास्पद युक्तिवाद शेवटच्या वीस मिनिटांत उरकला. काळारामच्या चर्चेनंतर हे फारच अपुरे होते. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध असून केवळ कायद्याने चालते, असे म्हणणारे लोक आहेत, हे ॲरिस्टॉटल स्वतःच नोंदवतो. म्हणजे त्याला दुसरी बाजू ठाऊक होती. देवाने सर्वांना मुक्त सोडले आहे, निसर्गाने कोणालाही गुलाम केलेले नाही, हे वाक्य आल्किडामसच्या नावावर टिकून आहे, आणि हा आल्किडामस गॉर्गियासचा शिष्य. ज्या परंपरेला प्लेटो खुशामत म्हणतो तिच्यातून हे वाक्य आले. ते आम्हाला वर्गात मिळाले नाही. नंतर चहाच्या वेळी बाईंनी मला सांगितले. ते फळ्यावर यायला हवे होते, आणि बाईंना मी हे लेखी कळवले आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वरही अशीच धावपळ झाली: शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय हे चार सद्गुण, गुहेचे रूपक, आणि संध्याकाळ संपली. स्टोइक या नंतरच्या ग्रीक विचारपंथाविषयी शेवटच्या दिवशी जे झाले त्याला ओळख म्हणता येईल, अभ्यास नव्हे.

ॲरिस्टॉटलच्या ‘रेटरिक’ला मात्र दोन शनिवार मिळाले आणि तेथे मला माझे उत्तर निम्मे सापडले. त्या ग्रंथाचे पहिलेच वाक्य सांगते की वक्तृत्व हे वादपद्धतीचे (प्रश्नोत्तरांतून चालणाऱ्या चर्चेचे) ‘अँटिस्ट्रोफॉस’ आहे, म्हणजे नाटकातल्या वृंदगानात एका कडव्याला जोडीने येणारे दुसरे कडवे. हाच शब्द प्लेटोने वक्तृत्वाला तोंडीलावण्याच्या जोडीला बसवताना वापरला होता. शिष्याने गुरूला नाव न घेता पहिल्याच ओळीत उत्तर दिले, आणि तेही गुरूचाच शब्द घेऊन. त्याच प्रकरणात पुढे तो म्हणतो की माणसाला दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता आला पाहिजे. दोन्ही बाजू प्रत्यक्ष पटवाव्यात म्हणून नव्हे, कारण वाईट गोष्ट पटवू नयेच. वस्तुस्थिती आपल्या नजरेतून निसटू नये आणि कोणी अन्यायाने युक्तिवाद वापरला तर तो खोडता यावा म्हणून. एकतीस वर्षे मी चिठ्ठीवरची बाजू मुलांना शिकवली, पण ती का शिकवावी, हे कोणी इतक्या नेमकेपणाने सांगितले नव्हते.

लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला आणि तो मी वर्गात विचारला. हाच ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रात म्हणतो की घर बांधून माणूस गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो, आणि न्यायाची कृत्ये करून न्यायी होतो. तर मग न पटलेली बाजू वर्षानुवर्षे पटवून माणूस काय होतो? बाईंनी उत्तर म्हणून ‘रेटरिक’मधलेच एक वाक्य मला वाचायला दिले: सोफिस्ट हा त्याच्या क्षमतेमुळे सोफिस्ट ठरत नाही, निवडीमुळे ठरतो. क्षमता सोफिस्टची आणि प्रामाणिकपणे वाद करणाऱ्याची सारखीच. मी म्हणालो की चौदा वर्षांच्या मुलाची निवड अजून घडायची असते, आणि ती घडते तीच सवयीतून. बाई म्हणाल्या, “मग, सर, निवडीचा सराव तुम्ही कधी घेतलात?” मला सांगण्यासारखे काही नव्हते. आता शेजारच्या मुलांची तयारी करून घेताना चिठ्ठी उघडण्याआधी प्रत्येकाला स्वतःचे मत वहीत लिहायला सांगतो, आणि स्पर्धा झाल्यावर ते पान पुन्हा उघडून त्यात काय बदलले ते बोलायला लावतो. दोन मुलांनी सांगितले की विरोधी बाजू मांडताना त्यांचे मत खरेच बदलले. एका मुलीने सांगितले की बदलले नाही, पण आता तिला ते का आहे हे माहीत आहे.

आणखी एक उपयोगाची गोष्ट येथे नोंदवतो. श्रोत्यांचा वक्त्यावर विश्वास बसतो तो भाषणातूनच बसला पाहिजे, आधीच्या लौकिकातून नव्हे, असा ॲरिस्टॉटलचा आग्रह आहे. त्या विश्वासाची तीन कारणे तो देतो: शहाणपण, सद्गुण आणि ऐकणाऱ्याविषयी सद्भावना. कार्यशाळेत ज्याला ‘छाप पाडणे’ म्हणत होते त्याचा या तिघांशी काही संबंध नव्हता.

आता व्यवहाराच्या गोष्टी. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना उंच आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. दुचाकी लावायला जागा मिळते, चारचाकीला मिळेलच असे नाही. मागच्या दोन रांगांत पंख्यामुळे वाचणाऱ्याचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत पोहोचून पुढे बसावे. नाशिक रोड आणि देवळालीहून येणारे वर्ग संपायच्या दहा मिनिटे आधी निघून जातात, आणि नेमके शेवटचे दहा मिनिटेच बहुतेक वेळा सर्वात चांगले असतात. वेळ पाचची केली तर त्यांची सोय होईल. बाईंनी स्वतः केलेले मराठी उतारे नितळ आहेत, पण दोन आठवडे केवळ इंग्रजी प्रती मिळाल्या आणि निम्म्या वर्गाला त्या जड गेल्या. त्या आठवड्यांत मी सार्वजनिक वाचनालयात बसून शब्दकोशाच्या मदतीने एकेक परिच्छेद लावला. वेळ असणाऱ्याला ते चालते, नोकरी करणाऱ्याला चालत नाही.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर असतो आणि त्यात जगभरातले नैतिक विचारवंत येतात, म्हणून दोन मुले आमच्याकडे आली होती. येथे टिपणे मिळत नाहीत. एक मुलगा तिसऱ्या आठवड्यानंतर आला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. दुसरा शेवटपर्यंत आला; तो म्हणाला की गुण किती वाढतील ते माहीत नाही, पण उदाहरणाच्या प्रश्नात आता त्याला पहिले उत्तर सुचले की ते खोडून पाहण्याची सवय लागली आहे.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते आणि मी पुन्हा नाव दिले आहे. त्याचे कारण ‘गॉर्गियास’चा शेवटचा भाग. तेथे कॅलिक्लीस नावाचा तरुण, बुद्धिमान, महत्त्वाकांक्षी राजकारणी सॉक्रेटिससमोर उभा आहे. बलवानाने जास्त घ्यावे हाच निसर्गाचा न्याय, असे तो उघड बोलतो. सॉक्रेटिस त्याची विधाने एकेक करून पाडतो, आणि मग कॅलिक्लीस म्हणतो की कसे ते कळत नाही, पण तू बरोबर बोलतोस असे वाटते. तरीही बहुतेकांचे होते तेच माझे झाले आहे, मला पूर्ण पटलेले नाही. त्याआधी तर त्याने बोलणेच टाकलेले असते आणि सॉक्रेटिसला स्वतःच्या प्रश्नांची उत्तरे काही काळ स्वतःच द्यावी लागलेली असतात. मन वळवण्याच्या कलेवर इतकी कठोर टीका करणाऱ्या ग्रंथात प्लेटोने आपल्या गुरूला मन वळवता न आल्याचे का दाखवले, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “मला पंचवीस वर्षे हा प्रश्न पडला आहे. दिवाळीनंतर तिथूनच सुरुवात करू.”